हलणाऱ्या मुलांची चित्रे

शाळेच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी लेख पाठवावा, असे मुख्याध्यापकांचे पत्र आले तेव्हा मी प्रथम टाळाटाळच केली. मी काही मोठी शास्त्रज्ञ नाही. मेंदूच्या प्रतिमा आणि जनुकांच्या नोंदी यांतील माहिती संगणकावर तपासणे, हे माझे रोजचे काम. त्यात स्मरणिकेत लिहिण्याजोगे काय आहे, असे वाटले. परंतु पत्राच्या शेवटी सरांनी स्वतःच्या अक्षरात एक ओळ लिहिली होती : ‘दहावीतल्या दोन मुली विचारतात, मेंदूवर संशोधन करायला डॉक्टरच व्हावे लागते का? याचे उत्तर तू दे.’ हा लेख त्या दोन मुलींसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी आहे.

उत्तर एका शब्दात द्यायचे तर ‘नाही’. पण मला ते उत्तर कसे सापडले, हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

२००२ च्या जूनमध्ये मी पाचवीत या वसतिगृहात आले. बाबा जिनिंगमध्ये हमाली करीत, आई शेतमजुरीला जाई. माझा धाकटा भाऊ तेव्हा चार वर्षांचा होता आणि बोलत नव्हता. हाक मारली तर वळून पाहत नसे. पातेल्यावरचे झाकण जमिनीवर गरगर फिरवून तासन् तास त्याकडे पाहत बसे. कोणी उचलले की अंग ताठ करून ओरडे. बाहेरची बाधा आहे, उतारा टाका, जाणत्याला दाखवा, असे सल्ले वस्तीत फुकट मिळत. बाबांनी उतारा टाकला नाही. मजुरी बुडवून त्याला दवाखान्यांत नेले. कागदावर वेगवेगळे शब्द आले. भाऊ अकरा वर्षांचा झाला तेव्हा नागपूरच्या एका डॉक्टरांनी ‘ऑटिझम’, म्हणजे स्वमग्नता, हा शब्द प्रथम उच्चारला. ‘याच्या डोक्यात नेमकं काय होतं?’ असे बाबांनी विचारले. डॉक्टर प्रामाणिक होते. ‘अजून कोणालाच नीट माहीत नाही,’ असे ते म्हणाले. हे वाक्य माझ्या मनात राहिले.

शाळेतली एक आठवण येथे सांगितली पाहिजे. आमच्या तुकडीतील कोणीही ती विसरला नसेल. आठवीत विज्ञानाच्या सरांनी पाण्याचा उत्कलनांक मोजण्याचा प्रयोग दिला. तापमापी ९७ अंशांवर थांबली. पुस्तकात १०० लिहिलेले होते, म्हणून आम्ही सर्वांनी प्रयोगवहीत १०० लिहिले. एका मुलाने मात्र ९७ लिहिले. सरांनी त्याला पूर्ण गुण दिले आणि बाकी वर्गाला शून्य. ‘पुस्तकालाच विचारायचं होतं, तर स्टोव्ह कशाला पेटवला?’ एवढेच ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी गोळेवाल्याकडून बर्फ आणवला आणि तीच तापमापी वितळत्या बर्फात बुडवली. तिने शून्याऐवजी उणे दोन दाखवले. आपले गाव समुद्रसपाटीपासून उंचावर असल्यामुळे पाणी येथे सुमारे एक अंश आधी उकळते, आणि दोन अंश तापमापीच कमी दाखवते; असा त्या तीन अंशांचा हिशेब लागला. चुकलेल्या उपकरणाकडूनही खरे काढून घेता येते, फक्त ते किती चुकते हे आधी तपासावे लागते, हे मी त्या दिवशी शिकले. त्याची किंमत पुढे कळली.

बी.एस्सी. करून मी पुण्यात जैवमाहितीशास्त्राच्या एम.एस्सी.ला प्रवेश घेतला. या विषयाला इंग्रजीत बायोइन्फर्मेटिक्स म्हणतात. नावाने घाबरू नये. माणसाच्या पेशीतील डीएनए म्हणजे चार अक्षरांत लिहिलेला सुमारे ३०० कोटी अक्षरांचा मजकूर. १९९० ते २००३ या काळात अनेक देशांनी मिळून तो प्रथम वाचला. अशा मजकुरांची तुलना करणे, कुठे अक्षर बदलले, कुठे गळले हे शोधणे, हे हाताने होणारे काम नाही. त्यासाठी संगणक, संख्याशास्त्र आणि जीवशास्त्र तिन्ही लागतात. पुणे विद्यापीठात या विषयाचे केंद्र १९८७ सालीच सुरू झाले होते. महत्त्वाची गोष्ट ही की, या शास्त्राचे बहुतेक ग्रंथालय खुले आहे. जनुकांच्या नोंदींचा ‘जेनबँक’ हा साठा १९८२ पासून आणि प्रथिनांच्या रचनांचा ‘प्रोटीन डेटा बँक’ हा साठा १९७१ पासून चालू आहे. अमेरिकेतला प्राध्यापक आणि मेळघाटातला विद्यार्थी यांना तेथे सारखेच दार आहे. शुल्क नाही, शिफारस नाही. ज्यांच्या घराण्याला पिढ्यान् पिढ्या पुस्तकाला हात लावू दिला गेला नाही, त्यांना या उघड्या दाराचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षी आमच्या विभागाच्या सूचनाफलकावर एक कागद लागला. बंगळुरूची भारतीय विज्ञान अकादमी, दिल्लीची भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी आणि अलाहाबादची राष्ट्रीय विज्ञान अकादमी या तिन्ही मिळून दर उन्हाळ्यात विद्यार्थ्यांना दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाबरोबर काम करण्याची संधी देतात. अर्ज दिवाळीच्या सुमारास निघतात. एका शिक्षकाचे शिफारसपत्र आणि आपल्याला काय करायचे आहे याबद्दलचा छोटा मजकूर लागतो. निवड झाल्यास विद्यावेतन आणि रेल्वेचे भाडे मिळते. मी त्या मजकुरात धाकट्याबद्दल चार ओळी लिहिल्या. निवड होईल असे वाटले नव्हते. झाली. २०१४ च्या मे महिन्यात मी बंगळुरूला एका प्रयोगशाळेत दाखल झाले.

तिथे मी मेंदूची चित्रे प्रथम पाहिली. एमआरआय यंत्र बऱ्याच वाचकांनी रुग्णालयात पाहिले असेल. त्यात क्ष-किरण नसतात. एका अतिशय बलवान चुंबकात माणूस निजतो. त्याच्या शरीरातील पाण्यातल्या हायड्रोजनच्या केंद्रकांना रेडिओलहरींनी किंचित हलवले जाते आणि ती पूर्ववत होताना जो संदेश देतात, त्यावरून चित्र तयार होते. या शोधासाठी पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफिल्ड यांना २००३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हे झाले रचनेचे चित्र. कामात असलेल्या मेंदूचे चित्र काढण्याची वाट जपानी शास्त्रज्ञ सेइजी ओगावा यांनी १९९० साली दाखवली. मेंदूचा जो भाग काम करतो तिकडे प्राणवायूने भरलेले रक्त अधिक जाते. प्राणवायू असलेल्या आणि नसलेल्या रक्ताचा चुंबकीय गुण वेगळा असतो. तो फरक यंत्राला टिपता येतो. म्हणजे आपण विचार पाहत नाही. विचारामागोमाग पाच-सहा सेकंदांनी येणारी रक्ताची भरती पाहतो.

पहिल्याच आठवड्यात माझ्या मार्गदर्शक मॅडमनी मला एक गंमत सांगितली. २००९ साली अमेरिकेतील काही संशोधकांनी बाजारातून आणलेला एक मेलेला मासा, सामन, एमआरआय यंत्रात ठेवला आणि त्याला माणसांची छायाचित्रे ‘दाखवली’. नेहमीच्या ढिल्या पद्धतीने हिशेब केल्यावर मेलेल्या माशाच्या मेंदूतही ‘हालचाल’ दिसली! हजारो ठिपके एकाच वेळी तपासले की, काही ठिपके निव्वळ योगायोगाने उजळतात. ती चूक टाळण्यासाठी कडक संख्याशास्त्र लागते, हे त्यांना दाखवायचे होते. पुढे या कामाला विनोदी संशोधनासाठी दिले जाणारे ‘इग नोबेल’ मिळाले. मी खूप हसले. ही गोष्ट महिन्याभरात माझ्यावरच येणार आहे, हे मला ठाऊक नव्हते.

मला काम मिळाले ते ‘अबाइड’ नावाच्या माहितीसाठ्यावर. २०१२ साली तो खुला झाला होता. अमेरिका व युरोपातील १७ केंद्रांनी आपापल्या जवळची चित्रे एकत्र करून सर्वांना दिली होती : ५३९ स्वमग्न व्यक्ती आणि ५७३ इतर, एकूण १,११२. प्रत्येक जण काही मिनिटे यंत्रात काहीही न करता पडून राहिलेला. त्या निवांत अवस्थेतही मेंदूचे कोणते भाग एकमेकांच्या लयीत चालतात, हे मोजायचे. नाव नाही, गाव नाही, फक्त क्रमांक, वय आणि थोड्या नोंदी. ओळख पटू नये म्हणून रचनेच्या चित्रांतून चेहरासुद्धा पुसून टाकलेला असतो. रात्री वसतिगृहाच्या खोलीत त्या बिनचेहऱ्याच्या डोक्यांकडे पाहताना मला प्रत्येक वेळी एकच चेहरा आठवे.

पाचव्या आठवड्यात निष्कर्ष आला. स्वमग्न गटात मेंदूच्या पुढील आणि मागील भागांतला समन्वय कमी दिसत होता. जवळजवळच्या भागांतला अधिक. त्या काळी बरेच शास्त्रज्ञ हेच मानत होते की, स्वमग्नतेत दूरच्या भागांना जोडणारे दुवे क्षीण असतात. माझे चित्र त्याच्याशी तंतोतंत जुळले. मला वाटले, धाकटा हाकेला का वळत नाही, हे मला दिसले. मी बाबांना फोन केला. ‘सापडलं का वं माय काही?’ ते रोज विचारीत. त्या दिवशी मी म्हणाले, ‘सापडलं बाबा.’ मी विद्यार्थ्यांच्या एका परिषदेला निबंधाचा सारांश पाठवला. तो स्वीकारलाही गेला. चार दिवसांनी गावाहून मैत्रिणीचा फोन आला. वस्तीतल्या मंडळींनी चौकात माझ्या फोटोचा फ्लेक्स लावला होता. ‘मेंदूच्या आजारावर संशोधन करणाऱ्या आमच्या कन्येचे हार्दिक अभिनंदन.’

मॅडम तेव्हा बाहेरगावी होत्या. परतल्यावर त्यांनी आलेख शांतपणे पाहिला आणि एकच प्रश्न विचारला. कोण किती हलले, ते मोजले आहेस का?

मोजले नव्हते. यंत्रात निजलेला माणूस पुतळा नसतो. तो गिळतो, खोकतो, कंटाळतो. डोके अर्धा मिलिमीटर जरी सरकले तरी संदेश बिघडतो. सॉफ्टवेअर चित्रे एकमेकांवर बसवते, पण सर्व बिघाड त्याने जात नाही. २०१२ सालीच काही संशोधकांनी दाखवून दिले होते की, अशा बारीक हालचालीमुळे दूरच्या भागांतील समन्वय खोटाच कमी दिसतो आणि जवळच्या भागांतील खोटाच वाढतो. म्हणजे जे मला ‘सापडले’ होते, नेमके तेच, डोके हलल्यानेही दिसू शकत होते. प्रत्येक चित्रासोबत हालचालीचे सहा आकडे उपलब्ध होते. तीन सरकण्याचे आणि तीन वळण्याचे. मी ते उघडलेच नव्हते. रात्री उघडले. स्वमग्न गट दुसऱ्या गटापेक्षा अधिक हललेला होता. जास्त हललेल्यांना वगळून आणि दोन्ही गटांतील हालचाल सारखी राहील अशी निवड करून मी सारा हिशेब पुन्हा केला. फरक विरघळला. जे उरले ते इतके क्षीण होते की, योगायोगापासून ते वेगळे काढता येईना.

मॅडम म्हणाल्या, ‘काम तुझे आहे. काय पाठवायचे ते तू ठरव.’ त्या रागावल्या असत्या तर सोपे झाले असते. दोन दिवस मी काहीही केले नाही. मनात जे आले ते येथे लपवणार नाही. परिषदेत ते सहा आकडे कोण मागणार होते? आमच्यासारख्यांच्या मुलीला एवढी संधी पुन्हा कोण देणार होते? चौकातल्या फ्लेक्सचे काय? आणि सर्वांत खोलवर एक गोष्ट होती : ते खरे असावे, असे मला वाटत होते. भावासाठी वाटत होते. ज्या उत्तरावर आपले प्रेम बसले आहे, ते आपण तपासत नाही; आपण त्याची राखण करतो. आठवीतली माझी प्रयोगवही मला त्या रात्री आठवली. तेव्हा १०० लिहिताना निदान पुस्तकाचे भय होते. आता भयाचेही कारण नव्हते, फक्त इच्छा होती.

तिसऱ्या दिवशी मी सारांश मागे घेतला. अहवालात दोन्ही आलेख शेजारी शेजारी ठेवले आणि लिहिले की, हालचाल हिशेबात घेतल्यावर फरक टिकत नाही. मग बाबांना फोन केला. सगळे समजावून सांगता आले नाही. ‘मला जे दिसलं ते खरं नव्हतं. पोरं हलल्यानं तसं दिसलं. बोर्ड काढायला सांगा,’ असे म्हणाले. बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘बोर्ड राहू दे. तू तिथं गेलीस, हे तं खरं हाय ना?’

जुलैमध्ये मी घरी गेले. धाकटा ओसरीवर झाकण फिरवत बसला होता. त्याच्याकडे पाहता पाहता माझ्या लक्षात आले की, हिशेब शुद्ध करताना मी नेमक्या कोणाला वगळले होते. जी मुले स्थिर राहू शकली नाहीत, त्यांना. म्हणजे त्याच्यासारख्यांना. तो तर त्या यंत्रात निजूच शकला नसता. त्या धडधडाटात त्याने पहिल्याच मिनिटाला आकांत केला असता. जो शांत पडून राहू शकतो, सूचना समजू शकतो, त्याचेच चित्र निघते. ज्याला मदतीची सर्वांत जास्त गरज आहे, तो चित्रात येतच नाही. माझा हिशेब बरोबर होता. पण ज्यांच्यासाठी तो मांडला, ती मुले त्यातून निसटली होती. या प्रश्नाने मला या क्षेत्रात धरून ठेवले. आज जगात अनेक ठिकाणी त्यावर काम चालते. मुलांना खोट्या यंत्रात निजवून आधी सराव देतात, चित्रपट दाखवत प्रतिमा घेतात, लहानग्यांची प्रतिमा नैसर्गिक झोपेत घेतात, किंवा एमआरआयऐवजी डोक्यावर टोपी घालून मेंदूतील विद्युतलहरी मोजतात.

चित्रात न येणारे आणखीही आहेत. त्या १७ केंद्रांत भारतातले एकही नव्हते. मेंदूची चित्रे एकमेकांशी ताडून पाहण्यासाठी जो नमुना-मेंदू जगभर वापरतात, तो कॅनडातील मॉन्ट्रियल येथे १५२ व्यक्तींच्या चित्रांवरून तयार झाला. हैदराबादच्या ट्रिपल आयटीतील संशोधकांनी २०१९ साली १०० भारतीय व्यक्तींच्या चित्रांवरून आपला नमुना तयार केला, तेव्हा आकारमानात फरक असल्याचे दिसले. जनुकांचेही तेच. रोग आणि जनुके यांचा संबंध शोधणाऱ्या अभ्यासांतील सुमारे ८१ टक्के लोक युरोपीय वंशाचे होते, असे २०१६ सालच्या एका मोजणीत आढळले. आपल्याकडे ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पाने १०,००० भारतीयांचे जनुकीय मजकूर वाचले आणि २०२५ च्या जानेवारीत ते फरिदाबादच्या जैविक माहिती केंद्रातून संशोधकांना खुले करण्याची सुरुवात झाली. हे काम नुसते यंत्रांनी होत नाही. ज्यांची नोंद घ्यायची, त्यांच्या भाषेत बोलणारी, त्यांच्या ओसरीवर बसू शकणारी माणसे त्यासाठी लागतात. येथे आपल्या मुलांची गरज आहे. उपकार म्हणून नव्हे, कामाची गरज म्हणून.

माजी विद्यार्थी मेळाव्यात मला दर वेळी एक प्रश्न येतो : ध्यानाने मेंदू बदलतो, हे विज्ञानाने सिद्ध केले ना? शाळेच्या सभागृहात रोज संध्याकाळी दहा मिनिटे श्वासाकडे लक्ष देऊन बसणाऱ्या आपल्या सर्वांना ‘हो’ ऐकायला आवडेल. मी जे माहीत आहे तेच सांगते. २००४ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात दीर्घकाळ साधना केलेल्या भिक्खूंच्या मेंदूतील विद्युतलहरी मोजल्या गेल्या आणि त्या नवशिक्यांहून ठळकपणे वेगळ्या आढळल्या. आठ आठवड्यांच्या ध्यानवर्गाने मेंदूची रचनाच बदलते, असेही पुढे काही लहान अभ्यासांत दिसले. परंतु २०२२ साली त्याच विद्यापीठातील संशोधकांनी २०० हून अधिक लोकांवर अधिक काटेकोर प्रयोग करून पाहिला, तेव्हा आठ आठवड्यांत रचनेत असा बदल आढळला नाही. ज्यांना तो आढळावा असे मनापासून वाटत होते, त्यांनीच तो आढळला नाही असे छापले, याचा मला अधिक आदर वाटतो. शांत बसल्याने मला बरे वाटते. त्यासाठी चित्राची साक्ष लागत नाही. ‘या आणि स्वतः पाहा’ असे सांगणाऱ्या परंपरेला नको असलेले उत्तरही पाहता आले पाहिजे.

त्याच न्यायाने पालकांना दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगते. कोणत्याही एमआरआय चित्रावरून आज स्वमग्नतेचे निदान होत नाही. ते मुलाच्या वागण्याचे आणि वाढीचे निरीक्षण करूनच होते. आणि बोटांच्या ठशांवरून मुलाचा मेंदू ओळखून देणारे, डोळ्यांवर पट्टी बांधून ‘मध्यमेंदू’ जागा करणारे जे वर्ग गावोगाव भरतात, त्यांना वैज्ञानिक आधार नाही. ते पैसे मुलांच्या पुस्तकांवर खर्च करा.

आता त्या दोन मुलींसाठी. डॉक्टर होणे हा एक मार्ग आहे. पण गणित, भौतिकशास्त्र, संगणक, जीवशास्त्र, मानसशास्त्र यांपैकी कोणत्याही दारातून मेंदूकडे जाता येते. बारावीनंतर मूलभूत विज्ञान घेणाऱ्यांसाठी केंद्र सरकारची ‘इन्स्पायर’ ही शिष्यवृत्ती योजना २००८ पासून आहे. तिची रचनाच अशी आहे की, वर्षाच्या ८०,००० रुपयांतील २०,००० उन्हाळी संशोधनप्रकल्पासाठी राखलेले असतात. मला तिची माहिती फार उशिरा झाली. तुमच्या बाबतीत तसे होऊ नये. पदवीला गेल्यावर तीन अकादमींच्या उन्हाळी शिष्यवृत्तीचा अर्ज करा. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि बंगळुरूचे जवाहरलाल नेहरू प्रगत संशोधन केंद्र यांचेही असे उन्हाळी कार्यक्रम आहेत. पुण्याची आयसर, हरियाणातील मानेसरचे राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र, बंगळुरूची निम्हान्स, ही नावे लक्षात ठेवा. पीएच.डी.च्या टप्प्यावर अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती आणि बार्टीची अधिछात्रवृत्ती आहे.

घरी बसून करण्यासारखेही पुष्कळ आहे. ‘रोझालिंड’ या संकेतस्थळावर जैवमाहितीशास्त्राची कोडी मोफत सोडवता येतात. ‘ओपनन्यूरो’वर मेंदूची खरी चित्रे मोफत उतरवून घेता येतात. ‘न्यूरोमॅच’ची उन्हाळी शाळा २०२० पासून ऑनलाइन भरते आणि ज्यांना शुल्क परवडत नाही त्यांना सवलत देते. पायथन ही संगणकाची भाषा आणि बारावीपर्यंतचे संख्याशास्त्र एवढ्या शिदोरीवर सुरुवात होते. इंग्रजीची भीती वाटेल. मलाही वाटली. बंगळुरूला पहिले दहा दिवस मी फक्त ‘यस मॅडम’ म्हणत होते. अकराव्या दिवशी एक प्रश्न विचारला, तो चुकीच्या व्याकरणात होता, आणि त्याचे उत्तर मिळाले.

एक अडचण मात्र कोणत्याही माहितीपत्रकात लिहिलेली नसते. विद्यावेतन मिळते, पण महिना संपल्यावर. रेल्वेचे भाडे मिळते, पण तिकीट दाखवल्यावर. खोलीची अनामत, पहिल्या महिन्याची खाणावळ, जाण्याचे तिकीट हे सारे आधी हातात लागते. माझ्या वेळी विज्ञानाच्या सरांनी बारा हजार रुपये पाकिटात घालून दिले आणि परतफेडीचा विषय काढू दिला नाही. ते नसते तर निवड होऊनही मी गेले नसते. अशी निवड होऊनही न गेलेली मुले किती असतील, त्यांची नोंद कुठेच होत नाही. माझी सर्व माजी विद्यार्थ्यांना विनंती आहे की, या रौप्यमहोत्सवी वर्षी आपण एक छोटा प्रवासनिधी उभा करावा. दर उन्हाळ्यात दोन-तीन मुलांना आगाऊ रक्कम द्यावी. त्यांनी विद्यावेतन मिळताच ती परत करावी, म्हणजे पुढच्या वर्षी दुसऱ्यांना मिळेल. सरांच्या त्या पाकिटातील रक्कम मी पहिली भर म्हणून शाळेच्या कार्यालयात जमा केली आहे.

धाकटा आता सत्तावीस वर्षांचा आहे. तो मोजके शब्द बोलतो. घरच्या कामाच्या त्याच्या ठरलेल्या वेळा आहेत आणि त्या चुकल्या तर तो अस्वस्थ होतो. त्याच्या डोक्यात नेमके काय होते, हे मला अजून माहीत नाही. बाबांचा फोन येतो. आता ते ‘सापडलं का?’ असे विचारत नाहीत. ‘चालू हाय ना वं काम?’ असे विचारतात. मी ‘चालू आहे’ म्हणते.

त्या दोन मुलींनी दिवाळीच्या सुट्टीत मला जरूर भेटावे. मी आठ दिवस गावी आहे. येताना प्रयोगवही आणावी.